पायरीवरच्या मुली

कॉलेजात सगळे तिला काकू म्हणत. शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमाला त्या वर्षी आलेली बाकीची पोरं विशीतली, पायांत स्प्रिंगा बसवल्यासारखी. त्यांच्यात ही एकटी चाळिशीला टेकलेली, अंगाने भरलेली, जिना चढल्यावर कठड्याला हात लावून क्षणभर थांबणारी. पहिल्याच दिवशी एका ताडमाड उंच पोराने तिला कर्मचारी समजून विचारलं, "काकू, हजेरी कुठे लागते?" ती म्हणाली, "मलाही तेच शोधायचंय. चल, मिळून शोधू." पोरगा कानापर्यंत लाल झाला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

तरुणपणी ती हँडबॉलची गोलरक्षक होती. मग लग्न झालं, मुलगी झाली आणि एका हाडांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नोकरी लागली. काउंटरमागे बसून नंबर द्यायचे, फोन घ्यायचे, रडणाऱ्या पोरांना गोळी द्यायची. गेल्या काही वर्षांत तिथे लहान मुलंच जास्त येऊ लागली होती. कुणाची पाठ वाकलेली, कुणाची मान आखडलेली, कुणाला चार पायऱ्या चढल्या की धाप. डॉक्टर प्रत्येकाला सांगत, "औषध कमी देतोय, याला खेळायला पाठवा." आणि बाहेर येऊन त्या मुलांच्या आया तिच्यापाशी कुरकुरत, "पाठवा म्हणायला काय जातंय? कुठे पाठवू? कोण खेळवणार याला?"

ती रोज घरी येऊन हे नवऱ्याला सांगायची. नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. एकदा जेवता जेवता तो घास हातात धरूनच म्हणाला, "अगं, तू हे सगळं मला का सांगतेस? मी लिफ्टवाला माणूस. माझ्याकडे येतो तो बसून वर जायलाच येतो." ती हसली, पण रात्रभर तिला ते टोचत राहिलं. पुढच्या महिन्यात तिने अर्ज भरला.

त्यांना शिकवणाऱ्या मॅडम ठेंगण्या, केस बारीक कापलेल्या, आवाज इतका हळू की ऐकायला सगळ्यांना पुढे सरकावं लागे. त्यांनी पहिल्या सत्रात कुणालाही शिट्टी वापरू दिली नाही. "शिट्टी मागाहून," त्या म्हणायच्या. "आधी मुलांकडे बघायला शिका. शिट्टी तोंडात असली की डोळे आळशी होतात." उंच पोराला हे पटत नसे. त्याच्या मते खेळाचा शिक्षक म्हणजे शिट्टी, आणि उरलेला सगळा माणूस तिला लटकवण्यासाठी.

दुसऱ्या सत्रात सरावपाठ सुरू झाले. प्रत्येकाला एक शाळा आणि एक वर्ग मिळाला. काकूला जी शाळा आली ती तिच्या मुलीची. आणि वर्ग आला आठवीचा, तोही मुलीचाच.

मुलगी आरशासमोर केस विंचरत होती. बातमी ऐकून तिच्या हातातला कंगवा थांबला.

"बदलून घे," ती म्हणाली.

"तसं बदलून मिळत नाही गं."

"आई, प्लीज. तू तिथे ट्रॅकपँट घालून येणार. ओरडणार. सगळे हसतील."

"मी ओरडत नाही."

"तू गॅलरीतून मला हाक मारलीस तरी पलीकडच्या बिल्डिंगमधले लोक खिडकीत येतात!"

शेवटी करार झाला. शाळेत ती हिची आई नाही. हाक मारायची ती इतर मुलांना मारतात तशी, लाड नाही, डब्याची चौकशी नाही, आणि घरी आल्यावर शाळेचा विषय नाही. आईने मॅडमना मात्र खरं सांगितलं. मॅडमनी थोडा विचार केला. "तिची हरकत नसेल तर जा," त्या म्हणाल्या. "पण करार केलाय तर पाळा. मोठ्यांनी शब्द मोडला की मुलं पुढच्या वेळी करारच करत नाहीत."

पहिला पाठ बरा गेला. चेंडू फेकत शिवाशिवीचा खेळ होता. तिचा गोलातला जुना आवाज एकदम मोकळा सुटला, आणि मुलं हसण्याऐवजी दचकून रांगेत उभी राहिली. मुलीने तेवढ्या वेळात एकदाही तिच्याकडे बघितलं नाही. कारण मुलगी मैदानावर नव्हतीच. मैदानाच्या कडेला इमारतीत शिरायच्या रुंद पायऱ्या होत्या, तिथे चार मुली बसल्या होत्या. एकीचं पोट दुखत होतं, एकीचा पाय मुरगळला होता, चष्मेवालीने खेळाचे कपडे आणले नव्हते. आणि चौथी, बुटाची नाडी सोडून पुन्हा पुन्हा बांधणारी, तिची मुलगी होती.

शाळेचे खेळाचे सर स्वभावाने भले, पण दमलेले गृहस्थ होते. ते म्हणाले, "त्यांचं सोडा हो. त्या पायरीवरच्या मुली. प्रत्येक वर्गात असतात. हजेरी लावतात, बसतात, कुणाला काही त्रास नाही."

दुसऱ्या पाठाला त्याच चौघी पायरीवर. तिसऱ्यालाही त्याच. पोटदुखी आता मुरगळलेल्या पायवालीकडे गेली होती आणि पाय पोटदुखीवालीचा मुरगळला होता, एवढाच काय तो फरक.

तिला घरी गिळवेना. मुलगी समोर बसून मजेत जेवत होती, बापाशी थट्टा करत होती. पाचवीपर्यंत ही पोरगी घरात चालत म्हणून नसायची, पळायचीच. ती कधी थांबली? आपल्या लक्षात कसं आलं नाही? विचारावं, तर जे आई म्हणून कळलंच नाही, जे फक्त शाळेत उभं राहिल्यामुळे दिसलं, ते घरी कुठल्या तोंडाने विचारणार? करार होता.

नवऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने सहज विचारलं, "काय मग, खेळाच्या तासाला आज काय झालं?"

"काही नाही," दोघी एकदम म्हणाल्या.

तो एकीकडून दुसरीकडे बघत राहिला. "वा. म्हणजे बरंच काही झालं."

दुसऱ्या दिवशी ती मॅडमच्या खोलीत जाऊन बसली. खोलीभर चेंडूंच्या जाळ्या आणि दोऱ्या होत्या, एका खुर्चीवर हृदयाचं प्लास्टिकचं मॉडेल ठेवलं होतं. ते उचलून मांडीवर घेऊनच तिला बसावं लागलं. तिने सगळं सांगितलं.

मॅडमनी विचारलं, "नेमकं काय खुपतंय? शिक्षिकेला खुपतंय की आईला?"

"दोघींना एकदमच खुपतंय, मॅडम."

"मग शिक्षिकेच्या वाटचं आधी करा. पायरीवर किती मुली बसतात म्हणालात?"

"चार."

"आणि तुम्ही मघापासून एकीबद्दलच बोलताय."

ती मांडीवरच्या हृदयाच्या कप्प्यांवरून उगाच बोट फिरवत राहिली.

पुढच्या तासाला तिने वर्गाला खेळ लावून दिला, सरांना लक्ष ठेवायला सांगितलं आणि सरळ पायरीकडे गेली. "सरका जरा," म्हणून मुलींच्या मधेच बसली.

"मॅडम, आम्हाला खरंच बरं नाहीये," पोटदुखीवाली घाईने म्हणाली.

"नसेल. माझेही गुडघे बरे नाहीत. मीही बसते."

मुली एकमेकींकडे बघून हसल्या. समोर पोरांचा गलका चालला होता. मग तिने मैदानाकडे बघत विचारलं, "खेळ आवडत नाही, की इथलं दुसरं काही आवडत नाही?"

चष्मेवाली बोलली. तिला बोलायचंच होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं. कपडे बदलायच्या खोलीच्या दाराला कडी नव्हती. दोघींनी बाहेरून दार धरून उभं राहायचं, मग आतल्या दोघी बदलणार. खिडकीची काच फुटलेली, आणि खिडकीच्या पलीकडे सायकली लावायची जागा, तिथे मुलं येणार-जाणार. एकदा कुणीतरी दार ढकललं. मुद्दाम की चुकून, कुणास ठाऊक. तेव्हापासून त्यांनी कपडेच आणायचे बंद केले.

"सरांना सांगितलं नाही?"

चष्मेवालीने तिच्याकडे अशा नजरेने बघितलं की तिला आपला प्रश्न आपल्यालाच बावळट वाटला. सरांना काय सांगणार? आणि सरांना तरी कसं कळणार? ते त्या खोलीत पाऊल टाकत नसत, आणि तेच बरोबर होतं.

मग तिने त्याच आवाजात चौथीला विचारलं, "आणि तू?"

मुलीने नाडीवरची नजर काढली नाही. "मला नाही आवडत खेळायला, मॅडम."

मॅडम. करारात बसणारा अगदी बरोबर शब्द. तो ऐकून ती "बरं" म्हणून उठली.

मुख्याध्यापिकांनी तिचं बोलणं नीट ऐकून घेतलं. त्यांनाही वाईट वाटलं. पण शाळेचा दुरुस्तीचा माणूस आजारी होता, महिनाभर तरी येणार नव्हता. "माझ्या घरी एक दुरुस्तीवाला आहे," ती म्हणाली. "फुकट काम करतो, फक्त बडबड ऐकावी लागते." मुख्याध्यापिका हसल्या आणि त्यांनी किल्ली काढून दिली.

रविवारी सकाळी नवरा हत्यारांची पेटी घेऊन निघाला. मुलीला म्हणाला, "चल, हाताखाली कुणीतरी हवं." ती कुरकुरत गेली. आई मुद्दाम गेली नाही. ती गेली असती तर तिथे कोण म्हणून उभी राहिली असती, हे तिलाच ठरवता येईना.

जे झालं ते नवऱ्याने दुपारी सांगितलं. त्याने फुटकी काच काढून दुधी काच बसवली. दाराला जाड कडी लावली. मग मुलीला म्हणाला, "आत जा, कडी लाव. मी बाहेरून ढकलतो." त्याने ढकललं. खांदा लावून ढकललं. दार हललं नाही. आतून तिने विचारलं, "बाबा, अजून जोरात?" त्याने मागे जाऊन धावत येऊन धडक दिली. दार जागच्या जागी, खांदा मात्र सुजला. "मग कडी उघडून बाहेर आली," तो म्हणाला, "आणि इतकी खूश की विचारू नकोस. एका कडीचं एवढं काय, मला काही कळलं नाही." बायको त्याच्या खांद्याला मलम चोळत राहिली.

पुढच्या तासाला तिघी मैदानावर आल्या. चष्मेवालीने चष्म्याला मागून रबर बांधलं होतं आणि ती खेळायला लागली ती थेट अंगावर धावून. चौथीही कपडे बदलून आली. आईचा जीव भांड्यात पडला, पण तो दिलासा फार वेळ टिकला नाही. मुलगी मैदानावर होती तरी खेळात नव्हती. उभं राहून चेंडू फेकायचा असेल तर अचूक फेकायची. गुण मोजायला, कुंपणापलीकडे गेलेला चेंडू आणायला, दोरीचं टोक धरायला सगळ्यांत पुढे. आणि धावायची वेळ आली की कुठेतरी विरघळून जायची. आईला वाटलं, आपलीच लाज वाटत असेल. आपण इथून गेलो की कदाचित खेळेल. हा विचार गोड नव्हता, पण तिने तो तसाच गिळला.

शेवटच्या आठवड्यात परीक्षेचा पाठ होता. विषय मिळाला कोलांटउडी. कॉलेजात हे कळल्यावर उंच पोरगा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "काकू, मी चौकशी केलीय. आजारी पडता येतं." मग त्यानेच रोज संध्याकाळी थांबून तिचा सराव करून घेतला. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात आधी. जमिनीवर झेपावणं तिला नवं नव्हतं, गोलात तिने तरुणपणी तेच केलं होतं. पण झेपावणं वेगळं आणि गोल होणं वेगळं. जग उलटं झालं की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि मान आपोआप ताठ व्हायची. घरी नवऱ्याने कपाट सरकवून गादी टाकून दिली. चार वेळा कोलांटी नीट जमली, पाचव्या वेळी ती कपाटावरच जाऊन आदळली.

"प्रत्येक गोष्ट स्वतः करून दाखवायची गरज नाही," मॅडमनी सगळ्यांना शिकवलं होतं. "वर्गात ज्याला छान येतं त्याच्याकडून करवून घ्या." वर्गात एक मुलगी होती, रबराची बाहुली असावी तशी. तिच्याच भरवशावर पाठाचं टाचण लिहिलं होतं. आणि परीक्षेच्या दिवशी नेमकी ती मुलगी तापाने घरी.

शाळेच्या हॉलमध्ये मॅट पसरल्या होत्या. कोपऱ्यातल्या खुर्चीवर मॅडम पाय जुळवून बसल्या होत्या. पाठाचा पहिला भाग झाला, अंग गरम झालं, मांडी घालून डुलायचं झालं, गोल होऊन मागे-पुढे झुलायचं झालं. आता खरी कोलांटी.

"मॅडम, तुम्ही करून दाखवा ना!" मागून कुणीतरी म्हणालं. मग सगळेच, "मॅडम, मॅडम, एकदाच!"

नाही म्हणता आलं असतं. चित्र दाखवता आलं असतं, ते आणलंही होतं. पण चष्मेवाली आणि तिच्या दोन मैत्रिणी पहिल्या ओळीत बसल्या होत्या आणि तिच्याकडे अशा बघत होत्या की, बघू या, हिलाही आमच्यासारखी लाज वाटते का. ती मॅटवर गेली. बसली. हात टेकले. हनुवटी छातीला, असं तोंडाने म्हटलंसुद्धा.

जग उलटं झालं. मान ताठ झाली. ती एका खांद्यावर कलली, मॅटवरून तिरकी घरंगळली आणि धप्पकन लाकडी जमिनीवर आपटली.

आधी हशा पिकला. तिचा श्वास कोंडला होता, तिला लगेच उठता येईना, आणि ती उठत नाही म्हटल्यावर हशा अर्ध्यात विरला. त्या शांततेत हॉलच्या दुसऱ्या टोकाहून किंकाळी आली.

"आई!"

जमिनीवर आडव्या पडलेल्या तिने बघितलं. मुलगी धावत येत होती. अख्खा हॉल ओलांडून, मुलांना ढकलत, जिवाच्या आकांताने. आणि धावताना तिने दोन्ही हात छातीशी घट्ट आवळून धरले होते, जणू काही सांडेल या भीतीने. एवढ्या घाबऱ्या घाईतही ते हात सुटत नव्हते. ती तशीच धडपडत आली आणि गुडघ्यांवर बसली.

"आई, कुठे लागलं? बोल ना!"

आईला खांद्यातली कळ जाणवत होती. पण त्याआधी तिला ते हात समजले. इतके दिवस समोर असून न दिसलेलं एकदम दिसलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलांना वाटलं, लागल्यामुळे.

"मी ठीक आहे," ती म्हणाली.

"ही तुझी आई?" एका मुलाने विचारलं.

"हो," मुलगी फणकारून म्हणाली. "मग?"

आईने उठून बसत केस मागे सारले आणि वर्गाकडे वळली. "आता सांगा. माझं काय चुकलं? ज्याला दिसलं त्याने हात वर करा."

क्षणभर सगळे बावचळले. मग चष्मेवालीचा हात वर गेला. "हनुवटी सुटली, मॅडम."

"बरोबर. अजून?"

"एका खांद्यावर गेलात."

"आणि मॅट संपली!" मागून आवाज आला, आणि या वेळी तीही सगळ्यांबरोबर हसली.

त्यानंतर वर्ग असा काही रंगला की विचारू नका. जे मूल कोलांटी घेई त्याला सगळे ओरडून सांगत, "हनुवटी!" मुलीने त्या दिवशी कोलांटी घेतली नाही. पण मॅटच्या कडेला गुडघे टेकून ती आधार द्यायला बसली, मानेमागे एक हात, पाठीला एक हात. पडणारं एकही मूल तिने जमिनीला लागू दिलं नाही.

पाठ झाल्यावर मॅडम तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅटच्या दोन्ही कडांना मॅट नव्हत्या. तुमच्या जागी मूल असतं तर? याचे गुण मी कापलेत."

"बरोबर आहे, मॅडम."

"पडल्यानंतरची पाच-दहा मिनिटं चांगली होती. त्याचे दिलेत." मग त्यांनी तिच्या खांद्याकडे बघून म्हटलं, "बर्फ लावा. आणि आता घरी जा. आईच्या वाटचं राहिलंय ना तुमचं?" त्यांनीही ते हात बघितले होते.

संध्याकाळी मुलीने टॉवेलात बर्फ गुंडाळून आणला आणि आईच्या खांद्यावर दाबून धरला, जरा जास्तच जोरात.

"काय गरज होती करून दाखवायची? मान मोडली असती म्हणजे?" आणि बोलता बोलता ती रडायलाच लागली. आईने तिला रडू दिलं. नवरा स्वयंपाकघरातून डोकावला, बायकोने डोळ्यांनी खूण केली, तसा तो कधी नव्हे ते भांडी घासायला लागला.

मग आईने हळूच विचारलं, "तू धावताना हात असे का धरतेस गं?"

"मी कुठे धरते?"

बर्फाचं पाणी टॉवेलातून ठिबकत होतं. बऱ्याच वेळाने मुलगी टॉवेलाकडे बघत म्हणाली, "दुखतं."

"कधीपासून?"

"मागच्या वर्षापासून. पळालं की जास्तच. आणि सगळे बघतात असं वाटतं." मग आवाज आणखी खाली गेला. "एका बाजूला जरा कडक लागतं. मला वाटलं, गाठ असेल. काहीतरी वाईट झालंय मला."

वर्षभर. ही पोरगी वर्षभर हे एकटीने मनात घेऊन शाळेत जात होती, बापाशी थट्टा करत होती, पायरीवर नाडी बांधत बसत होती. मला का नाही विचारलंस, हे वाक्य आईच्या ओठांवर आलं. तिने ते आत ढकललं. त्या वाक्याने मुलीला एक नवी चूक सापडली असती, बाकी काही नाही.

"ऐक," ती म्हणाली. "या वयात शरीर वाढतं तेव्हा असं होतं. दुखतं, कडक लागतं, एका बाजूला आधी, एका बाजूला मागून. बहुतेक सगळ्या मुलींना होतं. तरी तुझ्या मनात शंका राहायला नको, उद्या आपण बाईडॉक्टरांना दाखवून येऊ. आणि धावताना दुखू नये म्हणून आतला कपडा वेगळा मिळतो, खेळताना घालायचा. तो मी तुला कधीच आणून द्यायला हवा होता."

"सगळ्यांना होतं?"

"मला तर इतकं व्हायचं की मी गोलरक्षक झाले. गोलात फार पळावं लागत नाही."

मुलगी तिच्याकडे बघतच राहिली. "खरंच?"

"आईशप्पथ."

"तू आई आहेस. तू कुणाची शप्पथ घेतेस?" आणि रडत्या डोळ्यांनी ती खुदकन हसली.

बाईडॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं, पोरगी ठणठणीत आहे. दुकानातल्या म्हाताऱ्या बाईंनी गळ्यातली टेप काढून माप घेतलं, बटाटे जोखावेत इतक्या निर्विकारपणे, आणि त्या निर्विकारपणानेच मुलीची निम्मी लाज गेली. ती पडद्याआड गेली. थोड्या वेळाने आतून धप, धप, धप असे आवाज येऊ लागले. पडदा हलू लागला.

"काय करतेय ती?" म्हाताऱ्या बाईंनी विचारलं.

"उड्या मारून बघतेय," आई म्हणाली.

शेवटच्या दिवसांत आरोग्याचा एक तास मुलींसाठी वेगळा होता. विषय होता नखं आणि दात. आईने मॅडमना विचारून तो बदलून घेतला. घरी मुलीलाही विचारलं. मुलगी म्हणाली, "सांग. पण माझं नाव नको." तिने नाव घेतलं नाही. तिने फक्त जे घडतं ते साध्या शब्दांत सांगितलं, आवाज मॅडमसारखा हळू ठेवून. सुरुवातीला सगळ्या माना खाली होत्या. मग एक हात वर आला, मग दुसरा. घंटा वाजली तरी कुणी उठेना. मुलगी खिडकीबाहेर बघत बसली होती, कान लाल, पण एक शब्द सुटू देत नव्हती.

आणि मग सरावपाठांचा शेवटचा तास. मॅडमनी आता शिट्टीला परवानगी दिली होती. मैदानावर शिवाशिवीचा डाव रंगला होता. मुलगी धावत होती. हात मोकळे होते, केस सुटले होते, आणि ती भलतीच लबाड खेळाडू निघाली होती, समोरच्याला डावीकडे झुकवून उजवीकडून पसार होणारी. चष्मेवालीने तिचा पाठलाग केला, झेप घेतली आणि दोन बोटं तिच्या पाठीला टेकवली. आईने शिट्टी फुंकली.

"आउट!"

मुलगी जागच्या जागी थांबली. "मी नाही आउट! लागलंच नाही मला!"

"लागलं. बाहेर."

"मॅडम, नाही हो लागलं!"

"मी बघितलंय. बाहेर जा."

"आई, नीट बघ ना गं!" ती सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली. पलीकडच्या वर्गातली दोन-चार पोरं खिडकीत आली.

"आउट म्हणजे आउट," आई तितक्याच मोठ्याने म्हणाली.

मुलगी पाय आपटत आखलेल्या रेषेबाहेर गेली. तोंड फुगवून उभी राहिली. पण उभं राहवत नव्हतं. ती रेषेवर एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारू लागली, मैदानावरची नजर हलू न देता. "झालं का? आता येऊ? येऊ आत?" ती विचारत राहिली, आणि आई तिच्याकडे न बघता, हसू शिट्टीमागे लपवत, हाताने थांब, थांब अशी खूण करत राहिली.